सदतीस टक्के

बंद पडलेल्या शोरूमच्या काचेच्या दारापासून निघालेली रांग औषधाच्या दुकानाला वळसा घालून गल्लीत शिरायची, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात शेवटच्या घटका मोजणारा फोन असायचा. पाच टक्क्यांच्या खाली असेल तरच आत, असा ऊर्जागुरूंचा नियम होता. म्हणून माणसं भर उन्हात टॉर्च लावून उभी राहत, व्हिडिओ नुसतेच चालू ठेवत.

"माझा अजून नऊवर आहे हो."

"मग मागं व्हा की काका. चारवाल्यांना पुढं येऊ द्या."

आत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. ऊर्जागुरू फोनचं मागचं झाकण नखानं उचकटत, बॅटरी काढून दोन्ही तळव्यांत धरत, छातीशी नेत आणि बोलायला लागत. "बॅटरी कधी मरत नसते. ती रुसते. तुम्ही तिला वायरीला टांगून घोरत पडता आणि सकाळी तिलाच शिव्या घालता. बायकोला असं वागवलंत तर नांदेल का ती?" लोक हसत. बोलणं चांगलं लांबे. मग बॅटरी परत आत जाई, फोन सुरू होई, आणि शेजारी उभा असलेला त्यांचा भाचा आकडा वाचून दाखवी. "बेचाळीस." तीनचे बेचाळीस, तेही चार्जरशिवाय. सभागृहातून एक लांब सुस्कारा उठे.

झाकण न उघडणाऱ्या नव्या फोनांना मात्र इथं थारा नव्हता. "ज्याचं पोटच शिवलेलं, त्याच्यावर मी कृपा करणार कुठून?" असं गुरू म्हणत. लोक ओशाळून नवे फोन खिशात घालत आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळत. लोकांनी कधीच्या काळी कपाटात टाकून दिलेले, बॅटरी काढता येणारे जुने फोन तिथं काचेखाली दागिन्यांसारखे मांडलेले असत. टेबल भाच्याचंच.

ताईनं तिथूनच फोन घेतला, आपल्या नवऱ्यासाठी. धातू कापण्याच्या कारखान्यात आयुष्य काढून भाऊजींची फुप्फुसं निकामी झाली होती. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते दिवसभर एकटे असत. श्वास अडला की त्यांचे हात असे थरथरत की वाफेचं मशीन त्यांना स्वतःला लावता येत नसे. ताई दोन गल्ल्या पलीकडे हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. भाऊजींनी फोनवर एकच बटण दाबून धरायचं, लाँड्रीतला फोन वाजायचा, आणि ताईनं धावत सुटायचं, अशी त्यांची व्यवस्था होती.

ताईची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. जुना फोन पाहून तिला खरं तर बरंच वाटलं. "फोन चांगला घेतलास. बॅटरी गेली की पाच मिनिटांत नवी घालता येते. याची तर आत्ताच गेलेली आहे. मी नवी आणते."

"आणू नकोस," ताई म्हणाली. "हिला गुरूंचा हात लागलाय. ही बदलली की सगळं गेलं."

"अगं, पण टिकते का ती?"

"सारखं आकड्याकडे बघायचं नाही म्हणालेत. त्यानं उतरते."

"हे बाकी सोयीचं आहे."

"तू येऊन तरी बघ एकदा. न बघताच नावं ठेवतेस."

धाकटी गेली. ताईच्या शेजारी बसून तिनं सगळं पाहिलं, आणि तिचं लक्ष एका चष्मेवाल्या माणसावर गेलं. त्याच्या बॅटरीवर गुरू पुष्कळ वेळ बोलले, पण फोन सुरू झाल्यावर भाचा पुटपुटला, "सहा."

"मनात शंका घेऊन आलात," गुरू म्हणाले.

"नाही हो, शंका कसली," तो माणूस कानकोंडा झाला. "मागच्या महिन्यात तर नवी बॅटरी टाकली मी."

चमत्कार जुन्या बॅटरीवर भरभरून आणि नव्या बॅटरीवर चिमूटभर. धाकटीनं घरी जाऊन आपला जुना फोन काढला, तीन टक्क्यांपर्यंत वापरला, बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि उत्तरपत्रिका तपासायला बसली. गठ्ठा संपल्यावर बॅटरी परत घातली. एकतीस. तिनं एका मैत्रिणीला फोन लावला. दुसऱ्या वाक्याला फोन बंद.

पुढच्या खेपेला ती सभागृहात उभी राहिली. "गुरुजी, इथल्याच लोकांच्या तीन बॅटऱ्या मी या खुर्चीवर ठेवते. तुम्ही हात लावायचा नाही, मी लावायचा नाही. तुम्ही फक्त बोला."

ऊर्जागुरूंनी तिच्याकडे प्रेमानं पाहिलं. "ठेवा की बाई."

ते बोलले. बॅटऱ्या खुर्चीवर पडून राहिल्या. मग फोन एकेक करून सुरू झाले आणि भाच्यानं आकडे वाचले. एकोणतीस, एक्केचाळीस, छत्तीस. धाकटी लोकांकडे वळली. "बघितलंत? कुणीही हात लावला नाही."

गुरूंनी डोळे मिटले आणि ते हळूच म्हणाले, "आता हातही लावावा लागत नाही."

खुर्च्या सरकल्या. लोक उठून उभे राहिले. ज्या खुर्चीवर बॅटऱ्या ठेवल्या होत्या तिच्या पाया पडायला झुंबड उडाली. बाहेर पडताना एका म्हातारीनं धाकटीचा हात धरला. "बाई, तुमच्यामुळं आज केवढं बघायला मिळालं."

घराच्या दारात ताई म्हणाली, "आता पटलं ना तुला?"

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी लाँड्रीतला फोन वाजला नाही. ताई पाळी संपवून, भाजी घेऊन घरी आली. भाऊजी खुर्चीत होते. मान कलंडलेली, फोन मांडीवर. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झाला.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, ताईनं तो फोन हातात घेतला. बंद होता. तिनं बटण दाबलं. पडदा उजळला, आणि कोपऱ्यात आकडा आला. सदतीस.

"हे बघ," ती बहिणीला म्हणाली. "फोन चांगला होता. त्यांनी लावलाच नाही."

"ताई, तू उचललास तेव्हा तो बंद होता ना? कुणी केला बंद?"

"लागला असेल हात त्यांचा." ताईचा आवाज अगदी शांत होता. "झोपेतच गेले असतील. त्रास नसेल झाला."

धाकटीनं फोन घेतला. सांगावं की गिळून टाकावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती ताईशेजारी बसली आणि वर्गात सांगते तसं सांगू लागली, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगायला तिला येत नव्हतं.

"जुनी बॅटरी दमलेल्या माणसासारखी असते. काम पडलं की तिचा जोर एकदम खाली येतो. जरा पडू दिली, हातात धरून ऊब दिली, की जोर पुन्हा वर आल्यासारखा दिसतो. हा फोन सुरू होताना तेवढाच जोर मोजतो आणि अंदाजानं आकडा सांगतो. आत काही भरलेलं नसतं. बॅटरी जितकी खराब, तितका हा अंदाज जास्त चुकतो. चांगली बॅटरी आधीच खरं सांगत असते, म्हणून तिचा आकडा वाढत नाही. गुरू बोलतात ते फक्त तिला विसावा मिळावा म्हणून. आणि फोन लावणं हे सगळ्यात जड काम, ताई. तिथंच ती मान टाकते."

तिनं बटण दाबून धरलं. पडद्यावर लाँड्रीचा नंबर आला, त्याखाली हिरवी खूण हलली, आणि पडदा काळा झाला.

ताई काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. मग तिनं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली, पदराला पुसली आणि हलक्या हातानं टेबलावर ठेवली.

"राहू दे जरा," ती म्हणाली. "येईल परत."

धाकटीला तेव्हा कळलं की आता ताईशी वाद घालून उपयोग नाही. तो आकडा खोटा मानला, तर फोन मेलेला होता हे मानावं लागणार होतं. आणि ते मानलं, तर भाऊजींनी हाक मारली होती हेही.

शाळा सुटल्यावर धाकटी आता शोरूमसमोरच्या फुटपाथवर उभी राहते. पत्रकं नाहीत, घोषणा नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगते, "गुरूंना खोटं म्हणू नका, खरंही म्हणू नका. बाहेर आलात की घरच्या कुणालाही फोन लावा आणि दहा मिनिटं बोला. फोन टिकला तर खुशाल पाया पडा. बंद पडला तर आकड्यावर जाऊ नका, नवी बॅटरी घाला. जुना फोन घेण्यात काही वाईट नाही, त्याचं झाकण उघडतं ते त्याचसाठी. पण ज्या वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून आहे, ती आधी कामाला लावून बघा."

काही जण ऐकतात. एकदोघांनी फोन लावून पाहिला, बंद पडला, आणि ते पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले, कारण तो आता पाच टक्क्यांच्या खाली होता.

गुरुवारी रांगेत ताई दिसली. धाकटीनं तिलाही तेच सांगितलं, एक शब्द न बदलता. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग रांग पुढं सरकली, तशी तीही सरकली.