गवाहाचे कान

बंदेनवाज नदाफ म्हणजे गल्लीतला हुकमी गवाह. कुणाच्याही घरी निकाह निघाला की दोन गवाहांतला एक ठरलेला: बंदूचच्चा. माणूस निर्व्यसनी, पाच वेळचा नमाजी, सही सुबक, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारत नाही. समाजाला असलाच गवाह लागतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्याचा उजवा कान अर्धा गेला होता. अर्ध्या कानाचा माणूस गवाह म्हणून कसा चालतो, हे कुणी विचारलं नाही. ऐकायचं काही नसायचंच, तर कान कशाला बघायचे?

रीत अशी. वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं होकार आणणारा घरचाच माणूस, आणि दोन गवाह नवरीच्या खोलीत जातात. वकील विचारतो, अमक्याचा मुलगा अमका, मेहर म्हणून तुला देणार इतके रुपये, तुला कबूल आहे का? नवरी ओढणीखाली गठुडं होऊन बसलेली. शेजारची कुणी म्हातारी म्हणते, "हौ बोली," म्हणजे हो म्हणाली. तिघं बाहेर येतात, सह्या ठोकतात. पुढं नवरदेव मात्र भर सभेत तीनदा मोठ्यानं कबूल म्हणतो. त्याचा आवाज सगळ्यांना पाहिजे, तिचा कुणालाच नको.

बंदेनवाजनं अशा चाळीसेक सह्या केल्या होत्या आणि त्याचा त्याला अभिमानही होता. गल्लीतल्या दस्तगीरच्या पोरीच्या निकाहाचं बोलावणं आलं तेव्हा तो जेवताना बायकोला म्हणाला, "तहुराच्या निकाहात पण मीच गवाह."

"चाळीस पोरींपैकी कितीजणींचा आवाज ऐकलात, अजी?" शहाजादबीनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"आवाज कशाला? मान हलवतात की."

"हलवतात का कुणी हलवतं? माझ्या निकाहात माझ्या फुप्पीनं, बापाच्या बहिणीनं, मानगूट धरून डोकं खाली दाबलं. मी हू का चू केलं नव्हतं."

घास हातातच राहिला. अठ्ठावीस वर्षांचा संसार, तीन लेकरं, आणि ही बाई आज सांगतेय.

"म्हणजे तुला मी नको होतो?"

"तवा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता काय विचारताय? जेवा."

शहाजादबी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी तर्जुम्याचं कुराण रोज दोन पानं वाचायची, हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, पुस्तकं आणायची. त्या दिवशी तिनं त्याला ऐकवलं. मदिन्यात एक कुंवारी पोरगी थेट पैगंबरांकडं गेली. म्हणाली, बापानं मला न विचारता लग्न लावलं. हुजूरांनी तिला सांगितलं, ठेवायचं का मोडायचं, तू ठरव. पोरगी म्हणाली, बापानं केलं ते मला मंजूर आहे, पण बायकांना कळावं की हा हक्क बापाचा नाही.

"चौदाशे वर्षांमागं ती उंटांच्या गावात बोलली," शहाजादबी म्हणाली, "आणि तुमी सोलापुरात एसी हॉल घेऊन पोरीचं तोंड दाबता."

बंदेनवाजला राग आला. कुणाचा ते त्याला कळेना. आठ दिवस तो माग दुरुस्त करायचा आणि मनात मोजायचा: ती जमादारांची, ती तांबोळ्यांची, ती शिकलगारांची. एकीचाही आवाज आठवेना.

निकाहाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. नवरदेव कलबुर्गीचा, सिमेंटच्या कारखान्यात सुपरवायझर, बाप हुसेनसाब. तहुरा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा मामू वकील. बंदेनवाज आणि एक बागवान गवाह. तिघं आतल्या खोलीत गेले. बायकांनी वाट दिली.

मामूनं विचारलं. खोलीत चिडीचूप. तहुराची फुप्पी हुरमतबी तिच्या मागं खेटून बसलेली. लाल ओढणीवरून तिची पाच बोटं पोरीच्या मानेवर रुतली होती. बंदेनवाजनं ती बोटं बघितली. आधी कधी बघितलीच नव्हती, कारण नजर खाली ठेवायची रीत. डोकं खाली गेलं.

"हौ बोली," हुरमतबी म्हणाली.

बाहेर काझीसाहेबांनी फॉर्म पुढं केला. शर्ती लिहायच्या रकान्यावर त्यांनी सवयीनं आधीच आडवी रेघ मारून ठेवली होती. बागवान सही करून मोकळा झाला. बंदेनवाजनं पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"काझीसाब, मी काही ऐकलं न्हाय."

"अरे, बोली ना ती!" दस्तगीर धावत आला. "तुझे कान मागात गेलेत, बंद्या. सही कर, लोक बघतायत."

"फुप्पी बोलली. ते ऐकलं. डाव्या कानानं."

काझीसाहेब वयस्कर, भला माणूस. समजुतीनं म्हणाले, "भाई, कुंवारीचं गप्प बसणं हाच होकार. हदीस आहे."

"हाय की. लाजणाऱ्या पोरीला सूट दिलीय ती. बोलणारीच्या तोंडाला कुलूप न्हाय दिलेलं. मानेवर हात असला तर ते गप्प बसणं कुणाचं, काझीसाब? हाताचं का पोरीचं?"

"जॉबरचा मुफ्ती कवा झालास रे?" मामू ओरडला.

"मुफ्ती न्हाय, गवाह हाय. अल्लाह सांगतो, साक्ष खरी द्या, आईबापाच्या, भाऊबंदांच्या विरुद्ध गेली तरी. चाळीस वेळा खोटी दिली. आज देणार न्हाय."

दस्तगीरचा चेहरा पांढरा पडला. कर्ज काढून, हातापाया पडून त्यानं हे स्थळ मिळवलं होतं. त्याचं पोरीवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? तिच्या फीसाठी त्यानं स्कूटर विकली होती. पण फी भरणं एक आणि विचारणं एक. पहिल्यात बाप मोठा होतो, दुसऱ्यात लहान होतो असं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं.

काझीसाहेब काही क्षण दाढी कुरवाळत बसले. मग उठले. "चला. मी पण येतो." दाराशी जाऊन त्यांनी आत आवाज दिला. "हुरमतबी, तुम्ही बाजूला बसा."

"पोरगी लाजंल की!"

"लाजू दे. बाजूला बसा."

काझीसाहेब दाराबाहेर थांबले. बंदेनवाज आत जाऊन जमिनीवर बसला, डावा कान पुढं करून. "बेटी, मी तुझा चच्चा. कानानं अधू. जे काय असंल ते मोठ्यानं सांग. कुणी काय करणार न्हाय."

ओढणी हलली. मग आवाज आला, चिरका पण स्पष्ट.

"मे महिन्यात परीक्षा हाय. ती देणार. नंतर दवाखान्यात नोकरी करणार. हे लिहून दिलं तर कबूल."

बायकांत खसखस पिकली. "अगं बाई, शर्त घालती!" काझीसाहेब दारातून म्हणाले, "घालू शकते. निकाहात घातलेली शर्त पाळणं सगळ्यांत जरूर. रकाना त्यासाठीच आहे." आणि कोरा फॉर्म मागवला. आपल्याच हातची रेघ त्यांना बघवेना.

शर्त हॉलमध्ये पोचली तसे हुसेनसाब उसळले. "आमच्या घरच्या बायका नोकरी करत नाहीत. हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी विचारलं कुणी?" बंदेनवाज म्हणाला.

काझीसाहेब नवरदेवाकडं वळले. "बेटा, तुझं काय म्हणणं?"

पोरगा सेहऱ्याआडून पुटपुटला, "अब्बा म्हणतील ते."

घ्या. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

बंदेनवाज परत आत गेला. जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द मऊ केला नाही. तहुरानं ओढणी मागं सारली. डोळे लाल, पण तिनं बघितलं ते सरळ.

"मग मला कबूल न्हाय, चच्चा."

हुरमतबीनं छाती बडवून घेतली. "नाक कापलं गं! खानदानाचं नाक कापलं!"

बंदेनवाज बाहेर आला. बारीक बोलून भागणार नव्हतं. सहाशे माणसं होती. तो माइकजवळ गेला.

"मी बंदेनवाज नदाफ, गवाह. पोरीला तिच्या तोंडानं विचारलं. मी कानानं ऐकलं. ती नाही म्हणाली. निकाह झालेला नाही."

मग जे व्हायचं ते झालं. खुर्च्या सरकल्या, शिव्या झाल्या. कुणीतरी त्याची कॉलर धरली, टोपी पडली. हुसेनसाब बोट नाचवत म्हणाले, "एका पोरीचं घर तोडलंस तू."

"ज्या घरात ती अजून गेलीच न्हाय, ते कसं तुटंल?" बंदेनवाजनं टोपी उचलली.

वऱ्हाड गेलं. दस्तगीर स्टेजच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. बंदेनवाज शेजारी बसला. मारलं तर मारू दे म्हणून तयारीतच.

दस्तगीर खाली बघतच म्हणाला, "खरंच म्हणाली? तिनं स्वतः?"

"स्वतः."

"मला का न्हाय बोलली रे?"

दस्तगीर उठला, डोळे पुसले आणि आतल्या खोलीकडं चालू लागला. दारात थांबला. स्वतःच्याच पोरीच्या दारावर त्यानं बोटानं टकटक केलं.

"तहुरा, येऊ का आत?"