मला फेकायचं असतं, ठेवायचं नसतं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. सध्या एका सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि माझा जीव नुसता जळतो आहे.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला बनवून घेतलं. "खिडकीला लहान, आरशाला मोठी. करणार काय हिचं?" सुताराने विचारलं.

"फेकणार आहे," बाई म्हणाल्या.

"मग एवढा रंधा कशाला मारून घेतलात?"

पाण्याच्या टाकीमागे गवताचा उतार होता. बाई पाठ फिरवून, डोळे मिटून मला मागे फेकायच्या, म्हणजे सोयीची जागा निवडता येत नाही. मी पडेन तिथे गुडघे टेकून माझ्या आतल्या जाती मोजायच्या. रोपं किती ते नव्हे, प्रकार किती ते. मग पुन्हा फेकायचं. नवी जात सापडेनाशी झाली की मोजणी संपली. त्या उतारावर ती संपतच नसे. गवताखाली वेगळं गवत, त्याखाली शेवाळ, मधेच नखाएवढी निळी फुलं, आणि प्रत्येकावर पोसलेला आपापला किडा. बाईंची छोटी भाची "मावशी, हे बघ, हे बघ" करत नाचायची. मला वाटायचं, पोरगी मावशीच्या वळणावर जाणार.

कसलं काय! पोरगी उद्यान अधिकारी झाली. उतार राखायचा की तिथे बाग करायची, हे तिच्या मोजणीवर ठरणार होतं. बाईंना आता चढ झेपत नव्हता. त्यांनी मला तिच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटून फेक गं."

"मावशी, आता हेही शिकवणार का मला?"

कपड्यांना कुसळं नकोत म्हणून तिने मला टाकीच्या फाटकाशी, गाड्या वळून वळून टणक झालेल्या जागी हाताने ठेवलं. दोन जाती सापडल्या. "इथे काही नाही," म्हणत ती उठलीसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शंभर पावलांवर निळी फुलं डोलत होती. पण मला तोंड कुठे होतं?

उतार नांगरला गेला. वर एकाच जातीचं गवत अंथरलं. त्या हिरवळीला बक्षीस मिळालं आणि अधिकारी भाचीने मला काच बसवून आत त्या हिरवळीचा फोटो लावला. माझ्याच पोटात!

पुढे त्या गवताला कीड लागली. पूर्वी एक जात गेली तर शेजारच्या दहा तग धरायच्या. आता शेजारीच नव्हते. बघता बघता सगळा उतार पिवळा पडला. फोटो मात्र हिरवागार आहे, आणि येणारे जाणारे अजून त्याला वा वा करतात.

आत्ताच बाई काठी टेकत कार्यालयात आल्या. "काच काढ. चौकट दे माझी."

भाची मान खाली घालून म्हणाली, "मोजणार काय मावशी? एकच जात आहे, तीही मेलेली."

"मग तेवढंच मोजू. चल."

भाची अजून खुर्चीतून उठलेली नाही. मित्रांनो, तुम्ही तरी कुठल्या जमिनीला रिकामी म्हणण्याआधी तिच्यावर गुडघे टेकून बसा. उभ्याने काही दिसत नाही.