मास्तरांनी पाहिलेल्या पाच मुलाखती

गाडी शिकवणाऱ्या माणसाला लोक एकदा मास्तर म्हणायला लागले, की त्याचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरतं. या मास्तरांचंही तसंच झालं होतं. सव्वीस वर्षं ते लोकांना क्लच सोडायला शिकवत होते. घरी बायको शिवणकाम करायची. आणि एकुलती एक लेक डॉक्टर झाली होती. म्हणजे अर्धी, असं ती स्वतःच म्हणायची. पदवी हातात होती, पण पुढे एखाद्या रुग्णालयात काम करत शिकायची, मेडिसिनची रेसिडेन्सी करायची होती. "म्हणजे नक्की काय?" असं कुणी विचारलं की मास्तर ऐटीत सांगायचे, "हातात चाकू न घेता माणसाच्या आत काय बिघडलंय ते शोधायचं." व्याख्या लेकीची, पाठांतर मास्तरांचं.

आदल्या वर्षी तिने तीस रुग्णालयांना अर्ज धाडले होते आणि एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं नव्हतं. महिनाभर ती तोंड पाडून बसली, मग एका छोट्या दवाखान्यात कामाला लागली. या वर्षी पुन्हा अर्जाची वेळ आली. मेडिसिनच का, हे सांगणारं एक पानभर निवेदन अर्जासोबत द्यायचं असतं. तिने आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. "लहानपणापासून मला मानवतेची सेवा करण्याची ओढ होती..."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "लहानपणापासून तुला पोस्टमन व्हायचं होतं. त्या आजोबांचं लिही ना, चक्करवाल्या."

दवाखान्यात येणाऱ्या त्या आजोबांना रोज उठलं की घेरी यायची. तीन डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही सापडेना. लेकीने शेवटी त्यांना घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. तेव्हा कळलं, की रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी दिली होती आणि आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेत होते. एवढंच तिने लिहिलं. आणि बोलावणी आली. एक नाही, पाच.

पाचही रुग्णालयं वेगवेगळ्या गावांत. मास्तर म्हणाले, "मी नेतो. गाडी आहे, मी आहे, शिकवण्या पुढे ढकलतो."

"बाबा, गाडीवर एवढं मोठं 'शिकाऊ' लिहिलंय!"

"मग खोटं काय आहे त्यात?"

बोर्ड टपाला बोल्टने घट्ट बसवलेला. तो काही निघेना. शेवटी तह झाला, की गाडी रुग्णालयापासून दोन गल्ल्या अलीकडे उभी करायची.

पहिलं रुग्णालय सर्वांत नावाजलेलं. बारा मजले, आरशासारखी फरशी. आईने शिवलेला करड्या रंगाचा कोट घालून लेक वर गेली आणि मास्तर खाली बाकावर बसले. माणूस नुसता बसला तरी त्याचे डोळे काही बसत नाहीत, आणि मास्तरांच्या डोळ्यांना तर सव्वीस वर्षांची सवय. समोरचा कुठे बघतोय, खांदे ताठ आहेत का, श्वास रोखलाय का, हे त्यांना आपोआप दिसायचं. तरुण डॉक्टर येत-जात होते. चार तासांत एकही जण दुसऱ्याशी थांबून बोलला नाही. एक मुलगी लिफ्टची वाट बघता बघता उभ्या उभ्या पेंगली. लेक खाली आली ती हवेत तरंगत. "बाबा, काय यंत्रं आहेत इथे!" मास्तर म्हणाले, "छान." पण गाडीत बसल्यावर त्यांनी शिकवण्यांच्या वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी खरडून ठेवल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणीही मुलाखती बऱ्या झाल्या. वहीत ओळी वाढल्या. चौथं रुग्णालय जुनं होतं. जिन्याचा कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला, भिंतींना दोन तऱ्हेचा पिवळा रंग. लेक सकाळी आत गेली. विभागप्रमुख आणि दोन ज्येष्ठ डॉक्टर दुपारनंतर तिची मुलाखत घेणार होते. तोवर वॉर्ड दाखवणं वगैरे. मास्तर कँटीनमध्ये जाऊन बसले. तिथे चार तरुण डॉक्टर एकाच टेबलाशी दाटीवाटीने बसून कुणाच्या तरी फजितीवर खदखदून हसत होते.

तेवढ्यात साठीकडे झुकलेले एक गृहस्थ चहाचा कप सांभाळत समोर आले. "इथे बसू का?" बोलता बोलता मास्तरांच्या धंद्याचा विषय निघाला आणि गृहस्थ एकदम पुढे सरसावले.

"मी तीनदा नापास झालोय हो ड्रायव्हिंगच्या परीक्षेत! गाडी मागे घेताना माझं डावं-उजवं होतं."

अशा वेळी मास्तरांना आवरणं कठीण. त्यांनी साखरेचं भांडं आणि मिठाची बाटली शेजारी शेजारी ठेवली, मध्ये जागा सोडली आणि काडेपेटीची गाडी केली. "चाक फिरवायची घाई करायची नाही. आधी थांबायचं, आरशात बघायचं. घ्या मागे." गृहस्थांनी काडेपेटी मिठावर आदळली. दुसऱ्यांदा साखरेवर. तिसऱ्यांदा बरोबर मध्ये बसली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पलीकडच्या टेबलावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही इकडे कसे?" गृहस्थांनी विचारलं.

"लेक मुलाखतीला आलीय, मेडिसिनच्या. पोरगी हुशार आहे, पण एक खोड आहे बघा. येत नसलं की सरळ 'मला येत नाही' म्हणून मोकळी होते. जरा सावरून घ्यावं माणसाने, तर नाही."

गृहस्थांचा चेहरा बदलला. त्यांनी हात वर करून मास्तरांना थांबवलं. "आता पुढे काही सांगू नका. मीच इथला विभागप्रमुख. ऐकलं तर बाकीच्या मुलांवर अन्याय होईल." आणि चहा अर्धाच ठेवून ते उठून गेले. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चार वाजता लेक बाहेर आली, चेहरा एवढासा करून. "संपलं, बाबा. प्रमुखांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. सगळे दुसऱ्या दोघांनीच विचारले. ते नुसते ऐकत होते."

मास्तरांनी गाडी सुरू केली, बंद केली, आणि सगळं सांगून टाकलं. काडेपेटीसकट.

"बाबा!" एवढंच ती म्हणाली. पुढे चाळीस किलोमीटर एक शब्द नाही. मास्तरांनी दोनदा खाकरून पाहिलं, एकदा हवामानाचा विषय काढला. काही उपयोग झाला नाही. मग एका रेल्वे फाटकाशी गाडी थांबली असताना शेजारून बारीक आवाज आला.

"साखरेवर आदळली?"

"आधी मिठावर."

ती फिसकन हसली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघंही हसत सुटली. फाटक उघडलं, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला.

पाचवी मुलाखत आटोपली आणि यादी भरायचा दिवस आला. उमेदवाराने रुग्णालयं आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहायची, रुग्णालयांनी उमेदवार, आणि संगणक दोन्हीकडचा मेळ घालतो. "म्हणजे स्थळं जुळवायचीच की," आई म्हणाली. लेकीने बारा मजली रुग्णालय पहिलं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"बाबा, ती वही दाखवा."

मास्तर ओशाळले. कुठे गार्ड नीट बोलला, कुठे पोरं पेंगत होती, असलंच सगळं त्यात. चौथ्या रुग्णालयापुढे लिहिलं होतं, "एका टेबलाशी जेवतात. हसतात. माझं तोंड फार चालतं."

"हे मनावर घेऊ नकोस," मास्तर म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय?"

"मी तुम्हाला एक सांगितलंच नाही," लेक म्हणाली. "तिथे त्यांनी एका आजींची केस दिली. तीन आठवडे ताप, कारण सापडत नाही. मी काय काय तपासेन ते सांगत गेले आणि मग अडले. म्हटलं, पुढचं मला माहीत नाही. तर प्रश्न विचारणाऱ्या दोघांतल्या बाई डॉक्टर म्हणाल्या, 'आम्हालाही तिथेच अडायला झालं होतं,' आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग दहा मिनिटं आम्ही मिळून शोधत होतो. मी मुलाखतीला आलेय, हेच विसरले होते."

तिने पहिलं नाव खोडलं आणि तिथे चौथ्या रुग्णालयाचं लिहिलं. आईने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि "अक्षर सुधार," एवढंच म्हणाली.

निकाल लागला त्या दुपारी मास्तर एका निवृत्त ग्रंथपाल बाईंना गाडी शिकवत होते. शिकवणी चालू असताना फोनला हात लावायचा नाही, हा मास्तरांचा स्वतःचाच नियम. खिशात फोन थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. बाईंनी गाडी अलगद कडेला घेतली.

"घ्या हो तो. मला तुमच्याकडे बघवत नाहीये."

फोनवर आधी नुसता लेकीचा आणि आईचा एकत्र कालवा ऐकू आला. मग लेक ओरडली, "बाबा, पहिलंच! पहिलंच मिळालं!" मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, उलटा घातला.

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पट्टा नीट केला आणि म्हणाल्या, "तुम्ही काही आज शिकवण्याच्या अवस्थेत नाही. घर कुठे तेवढं सांगा."

मग त्या बाईंनी गर्दीच्या रस्त्यांवरून मास्तरांना घरी पोहोचवलं. दोन सिग्नलना गाडी बंद पडली, एका वळणावर तिसऱ्याऐवजी पहिला गिअर पडला आणि इंजिन किंचाळलं. मास्तर खिडकीतून बाहेर बघत हसत होते. त्यांनी एकही चूक काढली नाही.