चौदा शर्ट आणि एक लाल मोजा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी माझे काही बिघडत नाही. जे बिघडायचे ते केव्हाच बिघडलेले आहे. तुमच्या शाळेच्या कार्यशाळेत खिडकीखाली ही जी गंजलेली, एका पायाने लंगडी, कपडे धुण्याची मशीन उभी आहे, जिच्या झाकणावर तुम्ही ताल धरता आणि जिच्या पोटात हात घालून स्क्रू शोधता, ती मी. एके काळी दर शुक्रवारी अर्धा देश मला बघत असे. हसता काय? उरलेला अर्धा देश बघत नव्हता, कारण त्याचे टीव्ही दुरुस्तीला गेले होते.

मला एका जागी उभे राहता येत नाही, ही माझी जन्मखोड. कारखान्यात माझे पाय बसवणाऱ्या माणसाला जेवणाच्या सुटीची घाई झाली होती. तीन पाय नीट बसले आणि चौथा बोटभर आखूड राहिला. तपासणाऱ्या बाईंनी मला सुरू करून पाहिले, तशी मी थरथरत, सरकत थेट त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबले. "अगं बाई, ही तर भेटायलाच आली!" असे म्हणून त्यांनी हसत हसत माझ्या कपाळावर पसंतीची चिठ्ठी चिकटवली.

मला विकत घेतले ते बस चालवणाऱ्या एका माणसाने. दुकानदाराने त्याला विचारले, "माणसं किती?"

"सोळा."

"बसमध्ये नाही हो, घरी."

"घरीच सांगतोय. बसमध्ये चाळीस असतात."

आई, बाबा आणि चौदा मुले. त्या घरात काहीही स्थिर नसे. एक दार लागेपर्यंत दुसरे उघडे. जिन्यावरून सदा कोणीतरी वर जात असे, आणि त्याच्याच विसरलेल्या वस्तूसाठी दुसरे कोणी खाली येत असे. बाबा स्वयंपाकघरात वळतानासुद्धा आधी मागे बघत. माझ्या दिवसाला नऊ खेपा होत. कपड्यांच्या खिशांतून मला गोट्या, पडलेले दात, एकदा एक जिवंत गोगलगाय आणि एकदा शाळेची घंटा मिळाली. ती घंटा घेऊन मी पिळायला लागले तेव्हा आळीतली तीन मुले दप्तर पाठीला लावून बाहेर पडली. समोरच्या घरातल्या म्हातारीने तर सायीचे भांडे खिडकीत ठेवायला सुरुवात केली. माझ्या हादऱ्यांनी दुपारपर्यंत तिचे लोणी तयार. यात अतिशयोक्ती असलीच तर ती भांड्याच्या आकाराची आहे.

एवढी मुले वाढवायची कशी, याचे त्या आईने एक शास्त्रच केले होते. पाचव्या वर्षी आपले बूट आपण पुसायचे. सहाव्या वर्षी आपले अंथरूण आपण आवरायचे. आणि सातवे लागले की माझे बटण हाती यायचे. शिकवताना आई शेजारी उभी राही, पण दोन्ही हात पाठीमागे गुंफून. "माझे हात फार आगाऊ आहेत," ती म्हणे. "पुढं राहिले की आपणहून काम करतात. मग पोरं काय शिकणार, माझं कपाळ?" तरी तिचा एखादा हात चुकून पुढे येईच. मग सगळे घर ओरडे, "आई, हात मागे!" धाकटे शेंडेफळ बोलायला लागले तेव्हा त्याने आधी "आई" म्हटले नाही, "हात मागे" म्हटले.

मग एका पावसाळी दुपारी रस्त्याने जाणाऱ्या एका छायाचित्रकाराला आमच्या दोरीवर चौदा रेनकोट उतरत्या उंचीने टांगलेले दिसले. तो फोटो वर्तमानपत्रात आला. फोटोमागून आमच्या घरावर कार्यक्रम करायला टीव्हीची माणसे आली. एका दिवसासाठी आली आणि चार वर्षे राहिली.

तेव्हापासून घराची उरलीसुरली झोप उडाली. जिन्यात दिवे, पलंगाखाली वायरी. लोक फाटकाशी उभे राहून दोरीवरचे कपडे मोजू लागले. एखादे तान्ह्याचे दुपटे जास्त दिसले की संध्याकाळपर्यंत शहरभर अभिनंदने सुरू, आणि ते दुपटे निघे पाहुण्यांच्या बाळाचे. मुले रस्त्याने चालली की लोक त्यांना नावाने नव्हे, नंबराने हाक मारत. "ए, पाच नंबर! अजून अंगठा चोखतोस का रे?" त्या पाच नंबराला तेव्हा मिसरूड फुटले होते.

आता शेवट मी मधेच सांगून टाकते. शेवट मला सोसत नाही, तो एकदाचा झालेला बरा. मुले मोठी झाली आणि आईने शिकवले होते तशीच आपापल्या पायांवर उभी राहून आपापल्या गावी गेली. नऊ खेपांच्या पाच झाल्या, पाचांची एक. शेवटी शेवटी आई दोन टॉवेल आणि बाबांचा एक सदरा घेऊन येई, माझे झाकण उघडी आणि आत बघत उभी राही. हात मागेच. शिकवायला समोर कोणी नसे. मग माझा पट्टा तुटला, मला परसात पत्र्याखाली ठेवले, आणि दोन हिवाळे माझ्यावर कुंड्या राहिल्या. त्यानंतर बाबांनी मला तुमच्या शाळेला देऊन टाकले. झाले. आता खरी गोष्ट ऐका, नाहीतर माझे पाय वळवळायला लागतील.

चौदांतली बारावी एक मुलगी होती. तिला चिमटी म्हणत, कारण तीन वर्षांची असल्यापासून ती दोरीखाली उभी राहून सगळ्यांना कपड्यांचे चिमटे देत असे. अधल्यामधल्या मुलांची असते तशीच तिची गत: मोठ्यांइतकी कामाची नाही आणि धाकट्यांइतकी गोड नाही. चार वर्षांत कार्यक्रमात तिच्या वाट्याला एकही वाक्य आले नव्हते. तिचा कान दिसे, कधी कोपर दिसे. वर्गातली मुले म्हणत, "तू खरंच त्या घरातली आहेस की चहा द्यायला जातेस?"

ती सातवे लागण्याची वाट बघत होती. रोज माझ्यापाशी येई, बटणाला हात न लावता नुसते आकडे म्हणून दाखवी: "धुणं बारा मिनिटं. खळबळणं सहा. पिळणं चार." मी ऐकून घेई. मला ते आधीच माहीत होते, पण मी बोलून दाखवले नाही.

तिचे सातवे लागले त्या रविवारी कॅमेरा माझ्यासमोर लावला होता. सोमवारच्या शाळेचे चौदा पांढरे शर्ट तिच्या स्वाधीन केलेले. पंधरावा नाही, तेरा नाहीत. सगळ्यांत धाकट्याचाही बालवाडीचा होता. चिमटी उपड्या बादलीवर चढली. कॉलर तपासल्या, खिसे उलटे केले, साबण मापाने घेतला, पाणी खुणेपर्यंत भरले. आई शेजारी, हात मागे. चिमटीने बटणाकडे हात नेला.

"थांबा, थांबा!" दिग्दर्शक म्हणाला. माणूस गोड होता, सदा पेन्सिल चावायचा. "अहो ताई, पोरगी आली, कपडे टाकले, बटण फिरवलं. यात बघायचं काय? लोकांनी काय मशीन बघत बसायचं?"

मित्रांनो, हा अपमान मी गिळला.

"मग काय करायचं?" आईने विचारले.

त्याने दारात उभ्या असलेल्या तीन नंबरच्या भावाच्या पायातला लाल मोजा मागून घेतला आणि चिमटीच्या हातात दिला. "हा आत टाकायचा. शर्ट होतील गुलाबी. मग तू रडत म्हणायचं, 'आई, मला नाही येत!' आणि ताई, तुम्ही धावत यायचं, तिला जवळ घ्यायचं, सगळं हातात घ्यायचं. हात दिसू देत. लोकांना आईचे हात हवे असतात."

"पण मला येतं," चिमटी म्हणाली.

"येतं ना? मग न येण्याचं नाटक तर झकास येईल."

"तिला खरंच येतं हो," आई म्हणाली.

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. लोकांना ठाऊक असायची काय गरज?"

तीन नंबर एका पायावर उड्या मारत म्हणाला, "चिमटे, उद्या मी गुलाबी शर्टात शाळेत गेलो ना, तर तुझी खैर नाही."

आईने कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. चार वर्षांत तिने अशा बारीकसारीक गोष्टींना हो म्हटले होते. कधी नसलेले भांडण, कधी दुसऱ्यांदा कापलेला वाढदिवसाचा केक. "एकदाच म्हण, चिमटे," ती हळूच म्हणाली. "खोटं खोटं तर आहे." आणि तिचे हात पाठीमागून सुटून पुढे आले.

चिमटी त्या हातांकडे बघत राहिली. चार वर्षांनी तिला एक वाक्य मिळत होते, आणि ते हे. शुक्रवारी ते सगळ्या देशाला ऐकू जाणार. सोमवारी वर्गातली मुले तेच तिच्या तोंडावर फेकणार, पुढच्या सोमवारीही, आणि ती आईच्या वयाची झाली तरी फाटकाशी कोणीतरी ओरडणार, "ए, मला नाही येत!" दिवे लागले. कॅमेरा सुरू झाला. मोजा माझ्या उघड्या तोंडावर लोंबत होता. त्याचा पाण्यात उतरणारा रंग मला आधीच दिसत होता, चौदा शर्ट माझ्या पोटात वाट बघत होते, आणि कोणी म्हणजे कोणी काही करत नव्हते.

केले ते मी.

मी आपणहून सुरू झाले. आखूड पायावर असा झोक घेतला की दिव्याचा खांब आडवा झाला. दिग्दर्शक म्हणाला, "अरे, धरा तिला!" मला कोण धरणार? मी पूर्ण वेगात फिरत, साबणाचा फेस उडवत स्वयंपाकघरातून बाहेर पडले. जेवणाच्या टेबलाला वळसा घातला. पायऱ्या तीन होत्या, मी एकीवरच पाय ठेवला. दिग्दर्शक पुढे, मी मागे! फाटकाशी कपडे मोजणारे लोक बाजूला झाले, एकाने तर मला टोपी काढून नमस्कार केला. चौकात बाबांची बस उभी होती. दिग्दर्शक जीव घेऊन आत चढला, मागोमाग मी. बाबांनी आरशात पाहिले आणि सवयीने ओरडले, "दारात गर्दी करू नका, आत सरका!" मी सरकले. एका सभ्य गृहस्थांनी उठून मला जागा दिली. शेवटच्या थांब्यावर दिग्दर्शकाने माझ्यापुढे हात जोडले आणि लहान मुलांना खोटे बोलायला लावणार नाही असे कबूल केले. मग मी परत आले आणि उरलेले शर्ट पिळले.

शुक्रवारी कार्यक्रम लागला. बघतात तर काय, माझा हा सगळा भाग कापलेला! दिसले ते एवढेच: चिमटी मोजा धरून बराच वेळ उभी आहे. मग ती तो मोजा उचलते आणि दारातल्या भावाच्या अंगावर फेकते. आईचे हात बटणाकडे येतात. चिमटी कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "आई, हात मागे." ते हात हवेतच थांबतात आणि सावकाश पाठीमागे जातात. मग चिमटी कॅमेऱ्याकडे बघते. "मला येतं," ती म्हणते आणि बटण फिरवते. दिग्दर्शकाने पुन्हा एकदा घेऊ म्हटले तर मुलगी तयार होईना, आणि आई म्हणाली, "ती नाही म्हणतेय ना? मग नाही." म्हणून बिचाऱ्याने तेच दाखवले. पुढची बारा मिनिटे पडद्यावर दुसरे काही नव्हते. आणि लोक खरोखरच मशीन बघत बसले.

पुढच्या रविवारी दोरीवर चौदा शर्ट वाळत होते, पांढरेशुभ्र. फाटकाशी उभ्या असलेल्या एका बाईने चिमटीकडे बघून विचारले, "तुझं नाव काय गं?" नंबर नव्हे, नाव.

म्हणून मित्रांनो, जुन्या यंत्रांना टाकून देऊ नका. त्यांना तेल द्या, त्यांच्यावर कुंड्या ठेवू नका. कोण कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही. त्या दिवशी त्या लेकराला वाचवायला कोण धावून गेले? एक लंगडी, बोटभर आखूड पायाची...

"मी विचारू का?"

मागच्या बाकावरची वायरमनची मुलगी उठून उभी राहिली. ती मघापासून हात वर करून बसली होती, आणि मी मघापासून तिच्याकडे बघायचे टाळत होते.

"तू चौकापर्यंत फिरत फिरत गेलीस?"

गेले तर!

"पाणी भरून? पूर्ण जोरात?"

काठोकाठ.

"मग तुझा प्लग कुठं होता?"

प्लग ना... प्लग माझ्यामागून येत होता.

सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघायला लागला.

"तुझी वायर माझ्या दोन हातांएवढी आहे, मी काल मोजलीय," ती म्हणाली. "भिंतीतून प्लग सुटला की तू तिथंच बंद. तू बसमध्ये गेली नाहीस, कोणाच्या मागं लागली नाहीस, आणि त्यांनी काही कापलंबिपलं नाही. टीव्हीवर दिसलं तेवढंच झालं. तिला कोणी वाचवलं नाही! ती एकटीच बोलली, आणि तू नुसती बघत होतीस!"