मुकं घुंगरू

हुपरीत घरोघरी पैंजणं घडतात, पण माझ्या घरचं पैंजण मी डोळे झाकून ओळखते. दर पैंजणात कडीजवळचं एक घुंगरू आम्ही मुकं ठेवतो, आत दाणाच टाकत नाही. सासूबाई म्हणायच्या, लेकीबाळींची दृष्ट त्या मुक्यानं गिळावी. ही रीत मला ठाऊक आणि माझ्या पोराला, कृष्णातला. बाहेर कुणाला नाही.

दोन हजार एकच्या पौषात कृष्णात एका व्यापाऱ्याबरोबर काठमांडूला माल विकायला गेला. तो व्यापारी महिनाभर आमच्या माडीवर राहिलेला. बोलणं साखरेचं, पण सकाळी अंथरुणाला सुरकुती नसायची. आमचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं नाही कधी. तो आला की भिंतीकडं तोंड करून बसायचं. जाऊ नको म्हटलं पोराला. आईचं ऐकतंय कोण.

चैत्रात भरदुपारी दोन साहेब दारात. एक दिल्लीचा, एक नेपाळचा.

"बसा पावणं. दोन देश माझ्या एका घोंगड्यावर मावतील की," मी म्हटलं.

हसलं नाही कुणी. दिल्लीवाल्यानं सांगितलं, व्यापारी बॉम्बवाल्या टोळीचा. काठमांडूत धाड पडली तर खोली रिकामी. आणि दोन्ही देशांच्या यादीत आता कृष्णातचं नाव, त्याचा साथीदार म्हणून.

नेपाळच्या साहेबानं रुमालातनं पैंजण काढलं. खोलीत एवढंच सापडलं होतं. त्यांनी भिंगातनं बघितलं, चांदीपलीकडं काही दिसलं नाही. दिल्लीवाल्यानं घडण हुपरीची म्हणून ओळखली, म्हणून दोघं आले.

मी घुंगरं एकेक करून बोटानं हलवली. मुकं वाजत होतं.

"ह्याच्या सांध्याचा डाख नवा हाय. माझ्या पोरानं फोडून परत जोडलंय."

चिमट्यानं उघडलं. आत पत्र्याची बारीक गुंडाळी, त्यावर सुईनं कोरलेलं. सरहद्दीवरचा नाका, ट्रकचा नंबर, तारीख. तारीख येत्या परवाची. अक्षर कृष्णातचं.

"आता बोला, कुणाचा साथीदार?"

माझ्याच फोनवरनं एकानं दिल्ली लावली, दुसऱ्यानं काठमांडू. तिसऱ्या दिवशी नाक्यावर दोन्हीकडनं घेरून ट्रक पकडला. यादीतनं नाव निघालं. पोर आलं नाही.

पैंजण त्यांनी परत पाठवलं. ते घुंगरू मी स्वतःच्या हातानं रिकामं जोडलं आणि पैंजण फळीवर ठेवलं.

काल झाडताना फळीला धक्का लागला. कुत्रं उठलं आणि त्या व्यापाऱ्यासमोर बसायचं तसं भिंतीकडं तोंड करून बसलं. मी बोटानं ते घुंगरू हलवून बघितलं. वाजलं.

चिमटा हातात घेऊन बसले आहे. उघडायचा धीर होत नाही.