आळशी राखेचा धक्का

मित्रांनो, मी एक जुना मासेमारीचा धक्का आहे. धक्क्यांच्या मानाने माझं वय कोवळंच म्हणायचं. पण ‘प्रवेश बंद’ची दोरी बांधली की कोणीही जुना होतो.

पंघू बेटांवरच्या एका गावात माझा जन्म झाला. वाळू, खडी, सिमेंट माझ्या अंगात आहेच. पण बऱ्याचशा सिमेंटच्या जागी वीजकेंद्राच्या धुराड्यातली बारीक राख घातली होती. ही कल्पना इंजिनिअर सू फेनची. राखेमुळे माझा माल लोण्यासारखा सरकला, सळयांमधल्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरला. आळताना मी फारसा तापलोही नाही, म्हणून तडे गेले नाहीत. फक्त मी सावकाश घट्ट होणार होतो. अंगावर ओलावा टिकला असता, तर पुढे इतका दाट झालो असतो की खारं पाणी सळयांपर्यंत पोचायला पिढ्या लागल्या असत्या.

म्हणून फेनने मला ओल्या गोणपाटांखाली ठेवलं. तेवढ्यात समुद्रदेवी माझूचा वाढदिवस आला.

“गोणपाटं काढ, पोरी,” गावप्रमुख त्साय काका म्हणाले. “आईची पालखी इथून होडीत चढायचीय.”

“पालखी पेलेल तो, काका. पण एवढ्यात उघडा पाडू नका. हा वारा त्याची साल सुकवून टाकेल.”

“मग आईने काय गोणपाटांवरून जायचं? शेजारच्या गावाने लाल गालिचा अंथरलाय! आणि तुझी ही राख कसली गं आळशी? आमच्या आईच्या धुपाटण्यातली राख बघ. पाण्यातून घेतली की संध्याकाळी ताप उतरतो.”

“तिलाही पाणी लागतंच ना, काका?”

लोक हसले. गोणपाटं मात्र निघाली.

गालिचा आला, पालखी आली, माझं खूप कौतुक झालं. कोपऱ्यात रचलेली गोणपाटं फटाक्यांनी पेटली. तो शुभशकुन ठरला. उद्घाटन झालं म्हणजे काम संपलं, असं ठेकेदाराचं मत होतं. त्याने फेनला दुसऱ्या बेटावर पाठवलं. मग पंघूचा वारा आणि मी, दोघेच उरलो.

माझी साल भुसभुशीत झाली. जाळी ओढताना कोळणींचे हात पांढरे होत. मीठ आत झिरपलं, सळया गंजून फुगल्या, पोपडे सुटले. मग एका वादळात माझ्या कडेचा तुकडा थेट त्साय काकांच्या होडीवर पडला. होडी बुडाली. उरलेल्या होड्या शेजारच्या गावी गेल्या, त्या लाल गालिचावाल्या. त्यांच्यामागून माणसंही गेली.

मला वाचवता येईल का, हे पाहायला फेन परत आली. केसांत पांढरं आलं होतं. तिने माझ्या पोटातून नळीएवढा तुकडा काढून तपासला.

“आतून दगड आहे हा,” ती म्हणाली. आत ओलावा राहिला होता ना. राखेने आपलं काम सावकाश, पण चोख केलं होतं.

“मग वाचव की!” त्साय काका म्हणाले.

“सळया गेल्या, काका. पाडावाच लागेल.”

देवीच्या यंदाच्या वाढदिवसाला पालखी दोरीपाशी थांबली आणि परत फिरली. काका मात्र दोरीखालून वाकून आत आले. धुपाटण्यातली चिमूटभर राख त्यांनी माझ्या भेगेत सोडली.

“काका, आता गुण नाही यायचा,” फेन हळूच म्हणाली.

काकांनी थर्मास उघडून सगळा चहा माझ्यावर ओतला.

पलीकडे नवा धक्का ओततायत; राख तीच आहे. मित्रांनो, माझ्यावर पालखी, गालिचा, फटाके, सगळं झालं. त्याच्यावर फक्त पाणी घाला. आणि वेळेवर घाला. थर्मासमधलं उपयोगाचं नाही.