भुंकणं माझ्यावरच होतं

मी डॅरिलच्या बैठकीच्या भिंतीवरचा एसी बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय; सात वर्षं या घरात माझी तेवढीच भाषा चालली.

ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेलच्या उकाड्यात मला फार मान होता. डॅरिल साखर कारखान्यातून आला की आधी माझ्यासमोर हात पसरून उभा राही, मग बायकोला, नोरीनला हाक मारी. लेक टेस आणि कुत्रा स्नॅग माझ्याखालीच लोळत. नोरीन म्हणायची, "या घरात माझ्यापेक्षा या डब्याला जास्त भाव आहे!"

मग फेब्रुवारीत चक्रीवादळ आलं. छपराचे दोन पत्रे उडाले आणि पाणी भिंतीतून थेट माझ्या पाठीत शिरलं. चार दिवस वीज नव्हती. ती आल्याबरोबर डॅरिलने सगळ्या खिडक्या लावून मला जोरात सुरू केलं.

"आता हाच घर वाळवेल. होईल सगळं नीट!"

छपरावर ताडपत्री बांधतानाही तो हेच म्हणाला होता. इथल्या माणसांचं हे सगळ्या दुखण्यांवरचं एकच औषध. पण ज्याच्या स्वतःच्या पोटात पाणी, तो दुसऱ्याला काय वाळवणार?

थोड्याच दिवसांत माझ्या आत काळी बुरशी धरली. मी फुंकर मारली की ती घरभर. मला कळत होतं हो, पण फुंकण्याखेरीज मला येतं काय?

कुबट वास सुटला तशा शेजारच्या कार्मेलाकाकू लवंगेचं तेल घेऊन आल्या. नोरीनने त्याने माझं तोंड पुसलं. फक्त तोंडच! दोन दिवस घराला नाताळच्या केकचा वास आला. तिसऱ्या दिवशी टेसची छाती सूं सूं वाजू लागली. दम्याचा पंप ओढूनही तिला धाप लागे.

स्नॅग तेवढा माझ्याकडे मान वर करून भुंकत राही.

"वादळाने डोकं फिरलंय त्याचं," डॅरिल म्हणाला.

"आणि त्याच्या केसांनी पोरीचा दमा वाढलाय," नोरीन म्हणाली. "पाठव त्याला तुझ्या भावाच्या मळ्यावर. कायमचा."

"मग मीपण जाते," टेस म्हणाली, आणि शनिवारी खरंच गाडीत जाऊन बसली.

मळ्यावर दोन दिवस ती स्नॅगला उशी करून लोळली, असं नंतर ऐकलं. सूं सूं गायब! रविवारी त्याला तिथेच सोडून, रडून डोळे सुजवून ती परतली आणि माझ्याखाली बसली. तासाभरात पुन्हा सूं सूं.

नोरीनने टेसकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या स्नॅगच्या रिकाम्या ताटलीकडे. मग हळूच वर, माझ्याकडे.

"डॅरिल, बंद कर ते. आत्ता!"

दुसऱ्या दिवशी रॉबिन मेकॅनिकबाईंनी मला उघडलं आणि नाक दाबलं. "वरून पावडर, आतून गटार! भिजलेलं यंत्र न तपासता लावलंस कसं?"

"वाटलं, होईल सगळं नीट..."

"झालं ना मग!"

मागची लाकडी भिंतही कुजली होती. तिच्यासकट मला काढलं.

आता मी फुटपाथवर, भिजलेल्या सोफ्याशेजारी पडलोय. माझ्या जागी नवा येईल. तो कधी भिजलाच, तर आधी उघडून बघा, मग बटण दाबा. आम्हाला शिंकता येत नाही, आणि कुत्र्याचं तुम्ही ऐकत नाही.

स्नॅग घरी आलाय. मघाशी इकडे आला, मला हुंगलं, भुंकला नाही. शांतपणे तंगडी वर केली.

जन्मात दोनदा भिजलो. या वेळी मात्र माझी काही तक्रार नाही.